खुराडं उघडलं तेव्हा

३ फेब्रुवारी
उघडलं दार! चार वर्षांत पहिल्यांदा. मुलगी कानीकपाळी ओरडायची — "बाबा, सोडा ना कोंबड्यांना, फिरतील, येतील परत." माझं ठरलेलं — कुत्री आहेत, बोके आहेत. तिच्या नोकरीलाही तेच. परगावी जायचं नाही, संपलं! गेली ती. चार महिने माझा फोन घेत नाही. बायको तेव्हापासून मुलीच्या खोलीत झोपते. माझ्याशी एक शब्द नाही. ताट वाढते — आदळते.

तर उघडलं दार. आठही जणी उंबऱ्यापाशी येऊन थबकल्या. एक बाहेर पडेल तर शपथ!

४ फेब्रुवारी
दारापासून नळापर्यंत दाणे टाकत नेले. पहिली बाहेर कोण? लंगडी! मुलीची लाडकी. शेजारचे मास्तर कुंपणावरून — "काय शेठ, जन्मठेप माफ?" हसलो. बायको खिडकीत होती. वाटलं, आता बोलेल. पडदा ओढला.

५ फेब्रुवारी
संध्याकाळी सातच जणी परत. लंगडी नाही.

६ फेब्रुवारी
नाही. गटार पाहिलं, लाकडांचा ढीग उपसला, मास्तरांच्या गच्चीवर चढलो. पंपाचं बेअरिंग गेलंय हे मी फाटकातून ऐकून सांगतो — या दोन कानांवर वर्कशॉप उभं केलं! आणि एक कोंबडी ऐकू येईना.

कुंपणापाशी पिसं सापडली. तांबूस. तिचीच? हातात घेऊन बसलो.

बायकोला म्हणालो, "चुकलं माझं. दोन्ही वेळा." ती भांडी घासत राहिली. फक्त नळ बारीक केला.

७ फेब्रुवारी
वर्कशॉप उघडलं नाही. हाका मारून घसा बसला. जेवण जात नाही. धरून ठेवली ती गेली, सोडली ती पण गेली! माणसानं करायचं तरी काय?

८ फेब्रुवारी
दुपारी परसात हाका मारत होतो. मुलीच्या खोलीतून बायकोचा आवाज, दबका. फोनवर. "अगं खरंच, स्वतःच्या हातानं सोडल्या!... लंगडी? तुझ्या पलंगाखाली. अंड्यांवर खुडूक बसलीय, हूं की चूं नाही. ह्यांना कुठलं सांगतेय! शोधू देत जरा."

आणि फोनमधून, अगदी बारीक — पोरीचं हसू.

खिडकीखालून पाय न वाजवता मागं सरलो. घसा खाकरला. आणि जोरात हाक मारली — "लंगडेऽऽ!"