दोन शिट्ट्यांची डाळ

अमरावती, १४ मे २०२५

चि. प्रियदर्शनीस,
सप्रेम जयभीम व अ. उ. आ. वि. वि.

फोन सोडून पत्र का, असं विचारशील. फोनवर तुझी आई रडते, तू चिडतेस आणि मग दोघी मिळून फोन माझ्या हाती देता. संस्कृतच्या मास्तराचं काम अन्वय लावण्याचं. मायलेकींचा अन्वय लावण्याइतकं व्याकरण मी शिकलेलो नाही. तेव्हा या उन्हाळ्यात तू मला लिहायचं आणि मी तुझ्या आईला, पंचफुलाबाईला, वाचून दाखवायचं. बाई माझी थोरली बहीण, म्हणून कडू शब्द गाळण्याचा अधिकार माझ्याकडे.

अकोल्याच्या डाळ कंपनीत तू मार्केटिंगची समर इंटर्न म्हणून रुजू झालीस, हे तिला सांगितलं. त्याचा अर्थ ‘उन्हाळी उमेदवार’ असा केला. ती म्हणाली, उन्हाळी तं भुईमूग असते.

तिची काळजी खोटी नाही. पाणी तपासणीची सरकारी नोकरी सात वर्षं केलीस आणि बिनपगारी रजा काढून एमबीएला बसलीस. आता जूनअखेर परत ये नाहीतर राजीनामा दे, असं कार्यालयाचं म्हणणं. बाईनं लोकांच्या शेतात मजुरीने सोयाबीन सोंगून तुला बी.एस्सी. केलं. हे ती बोलत नाही, मी बोलतो.

पत्र मोठं लिही. लोभ त्यात मावेल तेवढा घाल.
तुझा धर्मेंद्रमामा


अकोला, २३ मे

ती. मामाजींस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

आईला आधी वाचून दाखवा: जेवण बरं आहे, खोलीला कूलर आहे.

आमचे वरिष्ठ गोपाल सर. मी पहिल्याच दिवशी जुन्या नोकरीचं सांगितलं, तर ते म्हणाले, छान, पण आता ते विसरा आणि गिऱ्हाईक बघा. मामाजी, मी इतक्या आनंदाने विसरले! कंपनीची नवी तूरडाळ आहे, पाकिटावर ‘दोन शिट्ट्यांत मऊ’ असं छापलंय. मला दर्यापूरकडची गावं दिलीत. जीपमध्ये शेगडी, कुकर आणि पाण्याचा कॅन टाकायचा, गावातल्या ओट्यावर बायांसमोर डाळ शिजवायची. दोन शिट्ट्यांत डाळ लोण्यासारखी झाली. पाकिटं हातोहात गेली. सर म्हणाले, जूनअखेरचं सादरीकरण असंच झालं, तर शिक्षण संपल्यावर इथेच घेऊ.

म्हणजे राजीनाम्याचं कोडं सुटलंच की. आईला हे दोनदा वाचून दाखवा.

तुमची माया आहे तशीच ठेवा.
प्रियदर्शनी


अकोला, ३ जून

ती. मामाजींस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमच्या उत्तराची वाट न बघता लिहितेय. हे आईला वाचू नका.

काल त्याच गावी परत गेले. मनकर्णाबाई म्हणून एक आहेत, त्यांनी भरल्या ओट्यावर पातेलं माझ्यापुढे आदळलं. वर पाणी, खाली गोट्यांसारखी डाळ. म्हणाल्या, पोरी, तू डाळ विकून राह्यली का पानी? आमच्या हिरीचं पानी खारं, त्यात दोन शिट्ट्यात काय शिजते? बाया हसल्या. मीही हसायला गेले, पण जमलं नाही.

खारपाणपट्ट्यातलं ते पाणी मी वर्षानुवर्षं तपासलंय. अशा जड पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, हे मी झोपेतही सांगेन. आणि मीच अकोल्याचं पाणी कॅनमध्ये नेऊन ती शिजवून दाखवली! पाण्यापासून सुटका झाली या खुशीत मी पाण्याकडे पाहिलंच नाही.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, पाकिटं छापून झालीत, सादरीकरणात हा विषय काढू नका. गप्प राहिले तर इथली आशा शाबूत. बोलले तर बहुधा पुन्हा प्रयोगशाळा.

काय करू, ते लिहा. रागावलात तरी मनातून उतरवू नका.
प्रियदर्शनी


अमरावती, ९ जून

चि. प्रियदर्शनीस,
अ. उ. आ. वि. वि.

आमच्या न्यायशास्त्रात धूर पाहून अग्नीचं अनुमान करतात. तू शिट्टी ऐकून डाळ शिजल्याचं केलंस. याला हेत्वाभास म्हणतात. तो मोठमोठ्या पंडितांच्या हातून होतो, पण त्यांच्या अंगावर कोणी पातेलं आणत नाही. त्या मानाने दर्यापूरची विद्वत्सभा कडक दिसते.

पत्र बाईला वाचून दाखवायचं नव्हतं. पण माझं तोंड पाहून तिने ओळखलं, आणि शेवटी सगळं वाचावं लागलं. मला वाटलं, म्हणेल, बरं झालं, आता ये परत. तिने एवढंच विचारलं की त्या दिवशी त्या बाईच्या घरचे जेवले का?

तुला सल्ला देण्याची माझी पात्रता नाही; डाळ मी फक्त वाढलेली ओळखतो. म्हणून प्रश्नच पाठवतो.

खुशाली कळव. वाट पाहणारे दोघे आहोत.
धर्मेंद्रमामा


अकोला, २८ जून

ती. मामाजींस व आईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

मी जाऊन विचारलं. नाही जेवले. घरधनी मिरच्यांच्या ठेच्यासोबत भाकर खाऊन वावरात गेले.

मग मनकर्णाबाईंच्याच चुलीपाशी बसले. त्यांच्या विहिरीचं पाणी घेतलं. डाळ सकाळपासून भिजवलेली, त्यात चिमूटभर सोडा, जसं तिकडच्या बाया नेहमीच करतात. तरीही पाच शिट्ट्या लागल्या. काल सादरीकरणात दोन वाट्या मांडल्या: एकीत कॅनच्या पाण्यातली डाळ, दुसरीत विहिरीच्या पाण्यात तशीच, न भिजवता, दोन शिट्ट्या दिलेली. कंपनीच्या मालकांना म्हटलं, चाखून बघा. सर माझ्याकडे बघेनात. मालकांनी दुसऱ्या वाटीतला घास चावत चावत गिळला. ठरलं ते असं: पाकीट तेच राहील, मात्र दर्यापूरकडे जाणाऱ्या पाकिटांत शिजवण्याची वेगळी चिठ्ठी टाकतील. ती मी लिहायची. नोकरीचं विचारलं, तर म्हणाले, पुढे बघू.

म्हणजे हाती काहीच नाही. तरी आज राजीनामा टपालात टाकला. आई, रागावशील. पण प्रयोगशाळेत माझ्याकडे बाटलीतून पाणी यायचं, ते पिणारी माणसं कधी आली नाहीत. मला माणसांकडे जायचंय.

पदरात घ्या.
तुमची प्रियदर्शनी


अमरावती, २ जुलै

चि. प्रियदर्शनीस,
अ. उ. आ. वि. वि.

पत्र एक शब्दही न गाळता वाचलं. बाई उठून आत गेली. बराच वेळ भांड्यांचा आवाज आला. त्यावरून अनुमान काढण्याचं धाडस मी केलं नाही. मग बाहेर येऊन तिने माझा पेन मागितला. खालच्या ओळी तिच्या. मी त्यात एकही अक्षर सुधारलेलं नाही, यावरून माझा तुम्हा दोघींवरचा लोभ मोजावा.
धर्मेंद्रमामा

प्रिया, नोकरी सोडली ते बरं केलं का वाईट, मले समजत नाई. राग आहे, तो राहीन. पन मनकर्णाबाईच्या घरचे आपल्यापाई जेवल्याबिगर गेले. तिच्याकडं खाली हातानं जाऊ नोको. हिरवा सांबार निवडून सांबारवड्या करून ठेवतो. रयवारी ये, घेऊन जाय. चिठ्ठी लिहिशीन ते आंधी मले वाचून दाखव, बायायले समजली पाह्यजे.
तुही आई