पुराव्यासाठी घालवलेले एकाहत्तर गुण

प्रति,
मा. परीक्षा नियंत्रक,
परीक्षा विभाग, दुसरा मजला.

विषय : 'व्यावसायिक कौशल्ये व नीतिमूल्ये' या विषयात मी स्वहस्ते कमी केलेले गुण पूर्ववत होणेबाबत.

संदर्भ : १) खिडकी क्रमांक चारच्या लिपिकांचे तोंडी उद्गार. २) माझे याआधीचे तीन अर्ज, जे याच मजल्यावर कुठेतरी आहेत.

महोदय,

मी संगणकशास्त्राच्या अंतिम वर्षात असून वरील विषयात मला ७८ गुण होते. 'होते' हाच तक्रारीचा मुद्दा आहे.

१. संकेतस्थळावर निकाल पाहताना माझ्या लक्षात आले, की पानाच्या पत्त्यात 'पाहा'च्या जागी 'बदला' लिहिले, की कोणाचेही गुण बदलता येतात. मी तातडीने खिडकी चारवर कळवले. लिपिक म्हणाले, "तोंडी काही चालत नाही बाई, पुरावा आणा."

२. आम्हाला शिकवले आहे, की त्रुटी दाखवताना दुसऱ्याच्या माहितीला हात लावू नये आणि स्वतःचा फायदा करून घेऊ नये. म्हणून मी स्वतःचेच गुण घेतले आणि कमी केले. ७८ मधला आठ खोडला. सात उरले. त्याची छापील प्रत सादर केली.

३. विभागाने ते भगदाड त्याच दुपारी बुजवले. या तत्परतेबद्दल अभिनंदन. मात्र सात आत राहिले आणि मी बाहेर.

४. गुणदुरुस्तीच्या अर्जात दोनच कारणे छापली आहेत : 'बेरजेतील चूक' व 'परीक्षकांची चूक'. दोन्ही खोटी आहेत. "करा की कुठेतरी टिक, कोण बघतंय?" असे लिपिकांनी आपुलकीने सुचवले. अन्य विषय असता तर केलीही असती.

५. शिकवणाऱ्या बाईंनी ७८ दिल्याचे लेखी कळवले. त्यावर आपल्या गुणदुरुस्ती समितीचे म्हणणे असे : नोंदीत फेरफार झाला नसेल, तर सात बरोबर आहेत, झाला असेल, तर तो मी केला, सबब परीक्षा रद्द. म्हणजे सातही जातील.

६. येत्या एक तारखेला मला नोकरीवर रुजू व्हायचे आहे. कंपनीने मला अशी भगदाडे शोधण्यासाठीच घेतले आहे. अट एकच, नीतिमूल्यांत उत्तीर्ण हवे. आई म्हणते, "अगं, वाढवून दाखवले असतेस तर पुरावाही झाला असता आणि पासही झाली असतीस." घरात या विषयाचा अभ्यास कोणी केलेला नाही.

७. सात बदलले का, हे रोज पाहताना मला कालच दुसरे भगदाड सापडले. मैत्रीण म्हणाली, "गप ७८ कर नि मोकळी हो, तुझेच तर आहेत." मी केले नाही. गुण मिळोत न मिळोत, हे भगदाड मी कळवत आहे. अट घालणे ही धमकी ठरते, व तिच्यावर आमच्या पुस्तकात अख्खे प्रकरण आहे.

मात्र पुरावा या वेळी मी देणार नाही. तो आपण स्वतः, समितीसमक्ष, आपल्या हाताने घ्यावा. चाचणीसाठी कोणाची तरी नोंद लागेलच. माझी वापरण्यास माझी लेखी संमती आहे. आकडा कोणताही चालतो, तरी ७८ टाकून पाहावा. तो उमटल्यास भगदाड खरे आहे असे समजावे, आणि दुसऱ्या कशालाही हात न लावता ते तत्क्षणी बुजवावे.

आपली, तूर्त अनुत्तीर्ण,
(सही)
बैठक क्रमांक ११४
दिनांक : २४ जून

सोबत : १) बाईंचे पत्र. २) नेमणूकपत्राची प्रत. ३) दुसऱ्या भगदाडाचा पत्ता, बंद पाकिटात. खिडकी चारवर उघडू नये.