वेटिंग रूमच्या कोपऱ्यातली तुळई

माय, काल रेल्वेचा एक तरुण अधिकारी घरी येऊन गेला. आपल्या स्टेशनची जुनी इमारत आता जपायची ठरलंय, म्हणाला. राणीच्या राज्यात बांधलेली, छोटी लाइन जाऊन मोठी आली तरी जिच्या खिडकीतून अजून तिकिटं मिळतात, अशी इमारत या भागात फारशी उरलेली नाही. भिंतीवर पाटी लावणार आहेत. इमारत पाडायला निघाले होते तेव्हा तुम्ही वाचवलीत असं जुन्या कागदांत आहे, तेवढं दोन पानांत लिहून द्या, अशी त्याची मागणी. पोरगा चांगला आहे, चहा पिता पिता चारदा छताचं कौतुक केलं. मी हो म्हणून बसलो. आज सकाळी कागद पुढे घेतला आणि पहिला शब्द तुझाच पडला.

स्वातंत्र्य येऊन चार-पाच वर्षं झाली होती. वेटिंग रूमचं छत गळायला लागलं आणि वरून हुकूम आला की इमारत पाडा, पत्र्याची शेड टाका. नागपूरहून पाहणीला आलेला म्हातारा साहेब मात्र छताखाली बराच वेळ मान वर करून उभा राहिला आणि मला म्हणाला, "छत टिक गई तो इमारत रहेगी, नहीं तो शेड डलेगी." मी नवाकोरा मिस्त्री, बढतीची वाट बघणारा, तुझ्याच घरी जेवणारा आणि सगळ्यांसारखं तुला माय म्हणणारा. आणि थापी मारणाऱ्या बायांची मुकादम तू. मूळचं छत तुझ्या मायनं ठोकलेलं, हे तू साहेबालाही सांगून टाकलंस, त्याला तुझी बोली कळली नाही तरी. मग भट्टीचा चुना खड्ड्यात विरला, त्यात विटांचा चुरा पडला, बेलफळाचा गर, गूळ आणि हिरड्याचं पाणी पडलं. मूळच्याच सागाच्या तुळयांवर, म्हणजे तुझ्या नाटांवर, विटा बसल्या, वर चुना पसरला, आणि तुम्ही बारा जणी ओळीनं उकिडव्या बसून लाकडी थाप्यांनी तो ठोकायला लागलात. पहिल्याच दिवशी मी तरातरा वर चढलो तर तू सगळ्यांदेखत मला दटावलंस. "पाय नाटेवर ठेव बाबू, मधात नको. नाट आपल्याले कधी दगा देत नाही." बाया हसल्या. मीही हसलो, पण मनात ठेवलं.

दहाव्या दिवशी साहेब येणार असा निरोप आला. नवव्या दिवशी संध्याकाळी मी काम थांबवायला वर गेलो. थाप्या चालू आहेत, तालावर तुमचं गाणं चालू आहे, आणि तू कोपऱ्यात बसून मान हलवते आहेस. "छत अजून बोलून नाही राहिलं. दोन दिवस ठोकू दे. काऊन घाई करून राहिला?" पक्कं झालेलं छत थापीखाली घंटेसारखं वाजतं, हे मला तूच शिकवलं होतंस. तरी मी बारा जणींसमोर म्हणालो, "माय, तुले आता आयकू येत नाही. छत बोललं का नाही, तुले का समजंल?" गाणं थांबलं. आयुष्यभराच्या थापीनं तुझे कान थोडे मंद झाले होते, हे खरं. तू तळहाताकडे बघितलंस आणि म्हणालीस, "हे कानानं नाही आयकत रे, हातानं आयकते." मग थापी खाली ठेवून शिडी उतरलीस. दुसऱ्या दिवशी साहेब खूश होऊन गेला. जाताना एवढंच म्हणाला की पावसाळ्यानंतर पुन्हा येईन.

पावसाळ्यात नेमका तोच कोपरा ओला झाला. खालून गिलावा काढून पाहिला तर भिंतीत गेलेलं तुळईचं टोक वाळवीनं पोखरलेलं. बोट खुपसलं तर भुसा निघाला. हे मी एकट्यानंच पाहिलं. सांगावं तर कोपरा उघडावा लागला असता, साहेबानं शेड टाकली असती आणि माझी बढती गेली असती. मी स्वतःच्या हातानं गिलावा चोपडला आणि वर सफेदी मारली. तुला ओल तेवढी कळली. चुलीपुढे मला भात वाढताना तू म्हणालीस, "कोपरा उघड. आमी ठोकून देऊ. तुह्या नावाले काही होत नाही." मी खाली मान घालून जेवलो.

दिवाळीनंतरची गोष्ट. दुपारची गाडी नुकतीच गेली होती. चौघींना घेऊन, घमेल्यात चुना आणि हातात कुदळ घेऊन तू आलीस, मला काही न विचारता. मी फलाटावर स्टेशनमास्तरशी बोलत उभा. तू शिडी चढलीस, चौघी मागोमाग शिडीवर, आणि तू कठड्याजवळून कोपऱ्याकडे निघालीस, मला शिकवलं होतंस तशीच, एकेक पाऊल तुळईच्या रेषेवर टाकत. मधल्या चुन्यावर तुझा भरवसा नव्हता, तुळईवर होता. मी बघत होतो. टोकाशी पोचलीस आणि सगळं खाली आलं.

गोंदियाच्या दवाखान्यात तू शेवटचे तीन दिवस होतीस. शुद्ध आली तेव्हा डोळे उघडून विचारलंस, "नाटेले का झालं होतं?" मी म्हणालो, ठाऊक नाही.

अहवाल मीच लिहिला, स्टेशनमास्तरनं न वाचताच खाली सही केली. बाई परवानगीविना वर गेली, मिस्त्रीनं खालून वारंवार हाका मारल्या, परंतु बहिरी असल्यानं तिला ऐकू आल्या नाहीत. कुणी शंका घेतली नाही, तू बहिरी आहेस हे तर मी आधीच बारा जणींसमोर सांगून ठेवलं होतं. तुळई नवी घातली. उरलेल्या अकरा जणींनी तो कोपरा सात दिवस ठोकला. गाणं म्हटलं नाही. शिडीवरच्या चौघींना आपण काय ऐकलं नि काय नाही हे ठाऊक होतं, पण त्या मरेपर्यंत कुणाशी बोलल्या नाहीत, माझ्याशी तर कधीच नाही. साहेब आला, काठी आपटली, छत खणखणीत वाजलं, इमारत राहिली. मलाही बढती मिळाली. पुढे कितीदा तिथे गाडीची वाट बघितली, पण बाहेर, उन्हात उभं राहून.

त्या पोराला मी चुना, बेलफळ आणि हिरडा लिहून देईन. तुझं नाव पाटीवर घाला, असंही सांगेन. हे कागद मात्र ट्रंकेत, तुझ्या थापीखाली राहतील.

तू इतकी बहिरी नव्हतीस, माय. मी अंगणातून हाक मारली की चुलीपाशी तुला ऐकू यायची. त्या दुपारी स्टेशनमास्तर शेजारी होता. "नाटेवर नको" म्हणालो असतो तर मला आधीच ठाऊक होतं हे त्याला कळलं असतं. मी एकही हाक मारली नाही.