एकविसावा चिमटा

सोमवार, ६ जानेवारी २०२५

एकोणीस! तीनदा मोजले. दोरीवर एकोणीसच चिमटे आहेत, आणि पाकिटात वीस येतात.

विमला वाळलेले कपडे काढता काढता सहज म्हणाली, "अहो, तुमच्या त्या चिमट्यांच्या डब्यात काल सकाळी एक चिमटा टाकलाय हं मी. मशीनखाली पडला होता, मला वाटलं तुमचाच." माझा नव्हता. घरचाच होता, दोरीवरचा. तेच लाल चिमटे, त्याच दुकानातले.

म्हणजे काल डब्यातून एकवीस गेले. आणि संध्याकाळी मी मोजून वीस परत आणले.

नीट लिहून काढतो, म्हणजे डोकं ठिकाणावर येईल. काल शाळेच्या हॉलमध्ये आमच्या पॅराग्लायडिंगच्या 'घार' क्लबच्या सहा रिझर्व्ह पॅराशूटच्या घड्या घातल्या. दर सहा महिन्यांनी मीच घालतो. उडताना ग्लायडरचा पंख मिटला तर पायलट हे रिझर्व्ह ओढून फेकतो. तेही उघडलं नाही तर खाली डोंगरच. घडी घालताना कापड सरकू नये म्हणून चिमटे लावायचे आणि शेवटी एकेक काढायचे. एखादा आत राहिला तर कापड पुरतं उघडणार नाही! म्हणून आधी मोजायचे, नंतर मोजायचे. नियम माझाच. आणि काल मी आधी मोजलेच नाहीत. वीसच असणार की – पंधरा वर्षं वीसच आहेत!

सहांपैकी एकाच्या पाठीवर तो चिमटा आहे. सहांतलं एक अदितीचं आहे. माझ्या पोरीचं.

मंगळवार, ७ जानेवारी

सकाळीच शाळेत गेलो. शिपाई म्हणाला, "हॉल कालच झाडला की मास्तर. काय हरवलंय?" चिमटा, म्हणालो. तो हसायलाच लागला. कचरा घंटागाडीत गेला म्हणे. म्हणजे तिथं पडला असेल तर गेला. पडला असेल. पडलाच असेल! घरी येईपर्यंत हेच घोकत आलो.

दुपारी क्लबच्या ग्रुपवर अध्यक्षांचा, उदयसिंहांचा मेसेज – "रविवारी सक्काळी सातला शाहूवाडीच्या डोंगरावर. नाष्टा मिसळ. समद्यांच्या रिझर्व्हची घडी मास्तरांनी घातलीया, बिनघोर या!" खाली अंगठेच अंगठे. मीही एक अंगठा टाकला. काय सुचलं मला!

एक फोन करायचा आहे फक्त. सगळ्यांना बोलवायचं, सहाही उघडायची, संपलं. पण बाळासोचं तोंड डोळ्यांपुढे येतं. बाळासो मुरगूडचा, क्लबचा जुना पायलट. दोन वर्षांपूर्वी घड्या घालायला माझ्या मदतीला होता. चिमटे न मोजता डबा बंद केला. नंतर मोजले तर पुरते वीस भरले, काही बिघडलं नव्हतं. तरी मी चारचौघांत त्याला सुनावलं – "विसराळू माणसाच्या हातात दुसऱ्याचा जीव द्यायचा नसतो." त्यानंतर त्यानं कुणाच्याही रिझर्व्हला हात लावला नाही. आता त्याच्यासमोर कुठल्या तोंडानं सांगू?

बुधवार, ८ जानेवारी

घास उतरत नाही. विमलाला वाटतंय पित्त झालंय. कोकम सरबत देते आहे बिचारी.

गुरुवार, ९ जानेवारी

उघडलं. अदितीचं.

ती ऑफिसला गेली, विमला शेजारी लाडू वळायला. अदितीची हार्नेसची, उडताना अंगावर बांधायच्या पट्ट्यांची बॅग कपाटावरच असते, रिझर्व्ह तिच्यातच. दाराला कडी लावली आणि हॉलमध्ये चादर अंथरली. आयुष्यभर पोरांना शिवणकाम शिकवलं, आज सुईत दोरा गेला नसता. एकेक पट्टी उलगडली. पहिली, दुसरी, तिसरी... शेवटच्या पट्टीपर्यंत गेलो.

नाही! चिमटा नाही!

परत घडी घातली. आधी वीस मोजले, नंतर वीस मोजले. मग तिथंच चादरीवर बसून ढसाढसा रडलो. मंगळवारपासून पहिल्यांदा भूक लागली. दोन भाकऱ्या खाल्ल्या, वर ठेचा.

चहा पिताना ध्यानात आलं. आता तो चिमटा पाचांतल्या एकात आहे. आणि माझी भीती मात्र निम्म्याहून खाली आलीय. पाच घरं आहेत ती! त्यांनाही आईबाप आहेत, बायकापोरं आहेत. आणि मी भाकरी खातोय. स्वतःचीच इतकी भीती कधी वाटली नव्हती.

शुक्रवार, १० जानेवारी

उदयसिंहांना फोन लावला. "बोला मास्तर!" असा खणखणीत आवाज आला. मी म्हणालो, रविवारी मिसळ कुठली? "आपलीच की! कट भरून किटलीच घेऊन येतोय!" बरं, म्हणालो. ठेवला.

थू माझ्यावर.

शनिवार, ११ जानेवारी

हिशेब करत बसलोय. पंधरा वर्षांत आमच्या क्लबात रिझर्व्ह किती वेळा फेकलं? दोनदा. फक्त दोनदा. उद्या कोण कशाला फेकतंय?

पण दोनदा! ती दोन्ही माणसं आज जिवंत आहेत ती त्या कापडामुळेच.

उद्या वारा जोराचा आहे म्हणे. सकाळी सगळ्यांच्या आधी पोचायचं आणि सांगायचं. ठरलं. सांगायचंच.

रविवार, १२ जानेवारी, दुपार

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

पोचलो तेव्हा उदयसिंह आधीच हजर. मिसळ, हशा, पाठीवर थापा. आत्ता सांगतो, आत्ता सांगतो, असं करता करता सगळ्यांनी हार्नेस चढवले. पहिली अदिती उडाली. घारीसारखी वर गेली पोर.

दुसरा बाळासो. पळत कड्यावरून सुटला. मी तोंड उघडलं होतं, शपथ! आवाजच फुटला नाही. दरीच्या मध्यावर वाऱ्याचा झोत आला आणि त्याच्या पंखाची उजवी बाजू मिटली. फडफड, फडफड. तो एका बाजूला गरगरत खाली निघाला. मी डोळे मिटून घेतले. उदयसिंह बोंबलले, "सुटला, सुटला! पंख उघडला!" डोळे उघडले तर बाळासो खालच्या शेताकडे सरळ चालला होता.

तिसरी शिवांजली. पेठ वडगावची शिक्षिका, क्लबात नवीन. बाळासोचं बघून चेहरा पांढरा पडलेला. माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "मास्तर, तुमची घडी हाय पाठीवर. मग कशाला भ्यायचं?" आणि वळून पळायला लागली.

"थांबा!" मी ओरडलो. एवढ्या जोरात की घशातून रक्त यावं. धावत जाऊन तिचा पट्टाच धरला. "कुणी उडू नका! चिमटा आत राहिलाय. आत्ता – आत्ता आठवलं मला."

आत्ता आठवलं. असं म्हणालो मी.

खाली गेलेल्या दोघांना जीपनं वर आणलं. ताडपत्री पसरून सहाही रिझर्व्ह उघडली. पाचव्यात सापडला. लाल. कापडाच्या सगळ्या पट्ट्या एकत्र चावून बसला होता. पाचवं बाळासोचं.

बाळासोनं चिमटा काढला, बोटांत फिरवून बघितला. म्हणाला, "मास्तर, हात रिझर्व्हच्या हँडलवर गेलता माझा. वडणारच हुतो." मग चिमटा माझ्या हातात दिला. दोन वर्षांपूर्वीचा एक शब्द काढला नाही.

उदयसिंहांनी मला मिठी मारली. "चूक कुणाची हुत न्हाय? पर आठवल्या आठवल्या समद्यांदेखत वरडला, ह्याला काळीज लागतंय मास्तर!" टाळ्या वाजवल्या लोकांनी. माझ्यासाठी.

ग्रुपवर अजून हात जोडलेली चित्रं येतायत. बघवत नाहीत.

सोमवार, १३ जानेवारी, भोगी

अदिती पानावरून उठली. भोगीची भाजी तशीच ठेवून.

"बाबा, काल बाकीच्यांची उघडताना तुम्ही लटलट कापत होता. माझं उघडलं तेव्हा तिकडं बघितलंसुद्धा नाही. का?"

सांगितलं. सोमवारपासूनचं सगळं, गुरुवारचंही.

ती भिंतीला टेकून खाली बसली. मग फोन काढून तो ग्रुप माझ्यापुढे धरला.

"बाळासोकाकांना तुम्ही सांगताय, की मी सांगू?"