कलम सहा खोडले आहे

मी, पद्मावती सुरेश देगलूरकर, वय सत्तर, राहणार काचीगुडा, हैदराबाद, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही, आणून बघावे. बुद्धी शाबूत आहे. डॉ. तेजश्रीने मला तारीख आणि वार विचारला, मी तिथीही सांगितली. आबिड्सला वकिलांच्या ऑफिसात एकतीस वर्षे टायपिस्ट होते, शेकडो मृत्युपत्रे माझ्या हाताखालून गेली. तेव्हा कलम कसे लिहावे हे मला कोणी शिकवू नये.

१. माझे वारस. यजमान सुरेश नऊ वर्षांपूर्वी वारले. पुढे ‘मी निःसंतान आहे’ असे लिहायची पद्धत आहे. मी तसे लिहिणार नाही. मला तीनदा दिवस गेले. एक्याऐंशीत तिसऱ्या महिन्यात सगळे संपले, चौऱ्याऐंशीत पाचव्या, एकोणनव्वदमध्ये पुन्हा तिसऱ्या. मधली सगळी वर्षे गोळ्या, इंजेक्शने आणि नाना तपासण्या. चौऱ्याऐंशीची मुलगी होती. कपड्यात गुंडाळून नेताना दवाखान्यातली आया म्हणाली, “बच्ची थी मा, नक्को रोओ.” मला दाखवली नाही. आज माझे अपत्य हयात नाही, एवढे कायद्याला पुरे आहे.

२. सासरे कै. एकनाथराव यांच्या मृत्युपत्राविषयी. त्यांना ते मराठीतच हवे होते आणि ऑफिसात मराठी टाइप करणारी मी एकटी. ‘थोरली सून निःसंतान असल्याने व पुढे आशा नसल्याने राहते घर धाकट्या मुलास द्यावे.’ हे वाक्य मी माझ्या बोटांनी टाइप केले. साल एकोणनव्वद. त्या दिवशी मला दोन महिने पूर्ण झाले होते. घरात अजून सांगितले नव्हते. तीन प्रती काढल्या, एकही चूक नाही. सासरे कौतुकाने म्हणाले, “हात स्वच्छ आहे हो सूनबाईंचा.” पुढच्याच महिन्यात तेही मूल गेले. त्या घरावर माझा काही दावा नाही. त्या वाक्याचा राग मात्र आहे, आणि तो मी कोणाला देऊन जात नाही, बरोबर नेणार आहे.

३. जाऊ सौ. मनीषा हिला माझी पितळेची मोठी परात द्यावी. तिच्या दोन्ही डोहाळजेवणांची कणीक मी या परातीत मळली. बाहेर ओटी भरायची वेळ झाली की मला आत काहीतरी काम निघायचे. एकदा तर झालेल्या वरणालाच पुन्हा फोडणी द्यायला पाठवले. परात घासूनपुसून द्यावी, उगाच बोल नको.

४. काचीगुड्याचा फ्लॅट माझ्या स्वतःच्या कमाईचा आहे. तो भाची तन्वीला, म्हणजे माझा भाऊ अरविंद याच्या मुलीला, द्यावा. अरविंदला तो आपल्या मुलासाठी हवा होता. “ताई, चिन्मयला दे. त्याला दोन मुलगे आहेत, घर पुढे चालेल. तन्वीकडे काय, दोघंच तर आहेत.” अरविंदा, घर कुठे चालत नाही, ते चौथ्या मजल्यावर आहे. आणि तन्वी तुझीच मुलगी आहे. तिला मूल होवो वा न होवो, तिने दत्तक घ्यावे वा न घ्यावे, फ्लॅट तिचाच. कसलीही अट नाही. तिला मराठी अडखळत वाचता येते. तिने सावकाश वाचावे, घाई नाही.

५. सुरेश यांची हत्यारांची पेटी अरविंदचा मुलगा चिन्मय याला. चौऱ्याऐंशीत मी दवाखान्यातून आले, तेव्हा सुरेश यांनी तीन दिवस घरातल्या एकेका दाराच्या बिजागऱ्या काढल्या आणि परत बसवल्या. माझ्याशी अक्षर बोलले नाहीत. तेव्हा मला त्यांचा संताप आला होता. आता वाटते, त्यांना दुसरे काही येतच नव्हते.

६. या ठिकाणी तन्वीसाठी दीड पान मजकूर होता. तो मी खोडला आहे. कारण असे.

दीड महिन्यापूर्वी तन्वीचे मूल पाचव्या महिन्यात गेले. उपचारांची ती तिसरी फेरी होती. मी डबा घेऊन तिच्या घरी नारायणगुड्याला गेले, तिच्या उशाशी बसले आणि म्हणाले, “बरं झालं, जीव लागायच्या आत गेलं.” चौऱ्याऐंशीत सासूबाई मला शब्दन् शब्द हेच म्हणाल्या होत्या. तन्वी म्हणाली, “आत्या, मी तिचं नाव ठेवलं होतं.” मी म्हणाले, “डब्यातलं गरम करून घे,” आणि उठले. नाव विचारले नाही. मला माझी लाज वाटते.

याची माफी मी या कलमात मागितली होती. वकील प्रमोद यांनी मसुदा वाचून चष्मा काढला. “बाई, हे तिला कळेल तेव्हा तुम्ही नसाल. माफी मागताय की सुटका करून घेताय?” मला राग आला, खरे बोलणाऱ्याचा येतो तसा. काल ऑटो करून गेले.

तन्वीने दार उघडले. मी उंबऱ्यातच तिची माफी मागितली आणि नाव विचारले. तिने सांगितले. ते इथे लिहीत नाही. “पेपरवर नको, आत्या,” म्हणाली. आम्ही दोघी सोफ्यावर बसलो. मग तिने विचारले, “आणि तुझ्या मुलीचं?”

एकेचाळीस वर्षांत हे मला कोणी विचारले नव्हते. पटकन एखादे नाव सांगून टाकावे असे वाटले, पण तिच्याशी खोटे बोलवेना. मी नाव ठेवलेच नव्हते. सासूबाई म्हणाल्या विसर, आणि मी ऐकले. तन्वीची माफी मागून झाली. जिची मागायची राहिली, तिला हाक मारायला माझ्याकडे नाव नाही.

कलम सहा रद्द समजावे. बाकी कलमे कायम. हे सारे मी लिहिले, मीच वाचले, आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही करते.

पद्मावती सुरेश देगलूरकर (सही)

साक्षीदार, आमच्या समक्ष सही झाली:
१. ॲड. प्रमोद उमरीकर (सही)
२. डॉ. तेजश्री हदगावकर (सही)

काचीगुडा, हैदराबाद
२१ ऑगस्ट २०२५