दुसरी नळी

१४ ऑक्टोबर, सोमवार

प्रिय ताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार, चिमणीला गोड पापा. मी बरा आहे. थंडी सुरू झालीय, तू विणलेला स्वेटर काढलाय, कोपरावर थोडा उसवलाय. प्रयोगशाळेत नवा फ्रीज आलाय, तो जुन्यापेक्षा जास्त घुरघुरतो. खोलीतला नळ गळतोय आणि घरमालक रोज "उद्या बघतो" म्हणतो.

झालं. याहून जास्त पाल्हाळ मला लावता येत नाही.

शनिवारी फोनवर मी म्हणालो, "विहिरीचं पाणी काही दिवस पिऊ नका, टाकीत घाण साचली असेल." ती थाप होती. भाऊजी लगेच म्हणाले, "मग येत्या रविवारी टाकी धुऊन टाकतो, सोमवारपासून चालू." आणि मी "बरं" म्हणून फोन ठेवला. ताई, टाकी धुऊन काही होणार नाही. ते पाणी पुन्हा सुरू करू नका. स्वयंपाकालाही नको.

फोन पुन्हा केला होता, दोनदा. पण तू "बोल रे बाबू" म्हणालीस की माझी जीभ वळत नाही. चिमणीच्या शाळेचं काहीतरी विचारतो आणि ठेवून देतो.

मे महिन्यात तू मला का बोलावलंस, आठव. चिमणीच्या नव्या दातांवर खडूसारखे डाग दिसत होते. तुला पाण्याची शंका होती, म्हणून भाऊजी सायकलवरून पलीकडच्या नळावरचे कॅन आणत होते. पाण्यात फ्लोराइड जास्त असलं की असे डाग पडतात, आणि तुझा भाऊ तर फ्लोराइड ओळखणाऱ्या नळ्याच बनवतो, मग दुसऱ्या कुणाला कशाला विचारायचं?

त्या नळीत काय असतं ते मी तेव्हा शेखी मिरवत सांगितलं होतं. आज सरळ सांगतो. आरएनए म्हणजे पेशीतला एक बारीक धागा. त्यावर लिहिलेलं वाचून पेशी आपला माल बनवते. काही जीवाणूंमध्ये या धाग्याचं टोक फ्लोराइड चाचपून बघतं. फ्लोराइड नसेल तर धागा स्वतःलाच गाठ मारून घेतो आणि काम तिथेच थांबतं. असेल तर त्याचा कण टोकात जाऊन बसतो, गाठ पडत नाही, काम पुढे चालतं आणि जीवाणू ते विष बाहेर फेकायची सोय करतो. आम्ही तेच टोक घेतलं आणि पुढे पिवळा रंग जोडला. फ्लोराइड जास्त असलं की नळी पिवळी होते.

माझ्याकडे दोनच नळ्या होत्या. पहिलीत तुझं पाणी घालायचं. दुसरीतही तुझंच पाणी, पण मुद्दाम फ्लोराइडचा थेंब टाकून. ती पिवळी झाली तरच पहिलीवर विश्वास ठेवायचा. हे मी प्रयोगशाळेत नव्याने आलेल्यांना पहिल्याच दिवशी शिकवतो.

पण अंगणात शेजारी जमले होते. भाऊजींनी "हे आमचे शास्त्रज्ञबुवा" अशी ओळख करून दिली आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो. दुसरी नळी मी जादू दाखवण्यात उडवली. चिमणीची टूथपेस्ट, जिच्यात फ्लोराइड असतंच, माझ्याजवळच्या शुद्ध पाण्यात कालवली, नळी पिवळी झाली, टाळ्या पडल्या. तुझ्या पाण्याची नळी मात्र कोरीच राहिली. मी म्हणालो, "घ्या, अमृत आहे अमृत!"

तू हळूच विचारलंस, "नक्की ना रे? मग हिचे दात?"

"आधी तिला दात घासायला शिकव. आणि फारच वाटलं तर उकळून पी," असं मी सगळ्यांसमोर म्हणालो. सगळे हसले. चिमणी तोंडावर हात धरून आत पळाली.

दुसऱ्या दिवसापासून भाऊजींनी कॅन बंद केले. तू मात्र पाणी उकळत राहिलीस. ताई, उकळून फ्लोराइड जात नाही. पाणी आटतं, फ्लोराइड तेवढंच राहतं.

निघताना तू प्रवासासाठी पाण्याची बाटली भरून दिली होतीस. ती बॅगेतच राहून गेली, गेल्या आठवड्यात सापडली. सहज म्हणून दोन्ही नळ्या लावल्या. फ्लोराइड टाकलेली नळीसुद्धा कोरी राहिली. तुमच्या टाकीच्या शेवाळातून पाण्यात आरएनए कुरतडणारं काहीतरी उतरतंय. त्याने धागा आधीच खाऊन टाकला होता. माझी नळी तेव्हा "नाही" म्हणाली नव्हती, ती काही बोललीच नव्हती. मग मीटरवर मोजलं. फ्लोराइड मर्यादेच्या तिप्पट आहे.

मला फार लाज वाटते गं. दाढी करताना आरशात बघवत नाही. तुझी शंका खरी होती आणि मी तुला चारचौघांत वेड्यात काढलं.

आलेले डाग आता जायचे नाहीत. पण तिचे मागचे दात अजून हिरडीत तयार होतायत, ते वाचतील. भाऊजींना कॅन आणायला सांग. आणि हे पत्र त्या दिवशी टाळ्या वाजवणाऱ्या सगळ्यांना वाचून दाखव, तेही त्याच विहिरीचं पाणी पितात. कचरू नकोस, माझी अब्रू राखायची म्हणून एक ओळसुद्धा गाळू नकोस.

शनिवारी मी येतोय. घरात घ्यावंसं वाटलं नाही तर अंगणातच बसेन, तसंही मला तिथेच उभं राहून बोलायचंय.

चिमणीला मात्र मी यायच्या आधीच सांग. ती दात नीटच घासत होती.

तुझा धाकटा,
बाबू