तेलोक ब्लांगाचं घर एकदाचं ठरलं

सेम्बावांग, सिंगापूर
रविवार, भर दुपार

आदरणीय आत्या,

सविनय जयभीम. आम्ही सगळे इकडे मजेत आहोत. तुझा गुडघा काय म्हणतो? तुझ्या सूनबाईने, म्हणजे माझ्या प्रियदर्शिनीने पाठवलेलं मलम तू स्वतः न लावता शेजारणींना वाटतेस, अशी बातमी पिंपरीहून इथवर आली आहे. (बातमी कोणी फोडली ते विचारू नकोस. तुझी मुलगी आमच्याच घरी राहते, एवढंच सांगतो.) जान्हवीचं संशोधन जोरात चाललंय, तब्येत उत्तम आहे, अलीकडे तर जरा जास्तच उत्तम आहे.

पत्रास कारण म्हणजे, आत्या, मी जिंकलो! शिपयार्डातली इंजिनिअरची नोकरी सोडून मी घरं विकायचा धंदा धरला, तेव्हा सगळं खानदान माझ्यावर हसलं होतं. एकटी तू म्हणालीस, ‘करू दे त्याला, बोलका आहे.’ त्यानंतर अकरा महिने मी इतका बोललो की घसा बसला, पण घर एकही विकलं गेलं नाही. शेवटी आमच्या टीमच्या मुख्य मॅडम टॅन यांनी सांगून टाकलं की या महिन्याअखेर एक तरी घर वीक, नाहीतर सरळ जुन्या नोकरीवर परत जा. जुना साहेब मला घ्यायला तयार होता, हे तर त्याहून अपमानाचं. आणि काल, महिना संपायला चार दिवस असताना, तेलोक ब्लांगा भागातल्या एका दहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटचं गिऱ्हाईक माझा हात हातात घेऊन म्हणालं, ‘काका, हे घर मीच घेणार.’

आता अकरा महिने घोडं कुठे अडलं होतं ते ऐक. यात थोडा दोष तुझाही आहे. विहारातल्या वधू-वर परिचय मेळाव्यांतून तू चाळीसेक लग्नं जुळवलीस, आणि लहानपणी मी तुझ्यामागे सतरंज्या उचलत हिंडलो. तेव्हा दोन पक्ष एकत्र कसे आणायचे याची मला एकच पद्धत ठाऊक. इथले एजंट पंधरा मिनिटांत घर दाखवून मोकळे होतात. मी मात्र आलेल्यांना आधी बसवायचो, पोहे द्यायचो, मूळ गाव विचारायचो, भावंडं किती, थोरला काय करतो, सगळं. एका चिनी आजोबांनी तर धाकट्या भावाशी वीस वर्षं अबोला असल्याचं सांगून डोळे पुसले आणि घर न बघताच गेले. मॅडम टॅन एकदा अचानक आल्या आणि समोर पोह्यांच्या सहा बशा पाहून म्हणाल्या, ‘प्रबोध, यू सेल हाउस ऑर ओपन कँटीन, आह?’ (खाल्ले मात्र त्यांनीही. दोनदा.)

पण खरी चूक पुढेच होती. लोक जाताना म्हणत, ‘कळवतो.’ आणि मी घरी येऊन फोनसमोर बसायचो. आपण मुलीकडचे, आपण कसा फोन करायचा? उतावीळ दिसतं. मुलीत काहीतरी खोट असेल अशी शंका येते. दुसरे एजंट गिऱ्हाईक लिफ्टमध्ये शिरायच्या आत मेसेज टाकतात, हे मला दहाव्या महिन्यात समजलं. तोवर माझ्या चौदा गिऱ्हाइकांनी दुसरीकडे संसार थाटले होते. त्यातल्या एका बाईंचा फोन आला, मी आनंदाने उभाच राहिलो, तर त्यांना पोह्यात कढीपत्ता कधी घालायचा ते विचारायचं होतं.

तर हा फ्लॅट श्रीधर अंकलचा. गुडघ्यांपायी त्यांना मुलीकडे राहायला जायचंय. घर हवेशीर आहे, समुद्रही दिसतो (स्वयंपाकघराच्या खिडकीतून डावीकडे वाकलं तर, आणि बंदरातल्या क्रेन्स वगळल्या तर). गेल्या महिन्यात शनिवारी उन्मेष नावाचा मुलगा बघायला आला. आईवडील लातूरचे, हा इथेच वाढलेला, पुलांची डिझाइनं करतो, बोलायला नम्र. प्रियदर्शिनीला त्या दिवशी ड्यूटी होती, म्हणून पोहे घरातल्याच दुसऱ्या माणसाने केले आणि वाढले. (त्याविषयी पुढे.) मी पद्धतीप्रमाणे सगळी चौकशी केली. उन्मेष सव्वादोन तास बसला! घराचे दोष त्याच्या तोंडावर सांगितले गेले. न्हाणीघरातली ओल, कुरकुरणारं दार, सगळं. तो हसत राहिला. दुसऱ्या आठवड्यात खिडकीचं माप घ्यायला आला, तिसऱ्या आठवड्यात पुन्हा त्याच खिडकीचं. आणि काल शब्द दिला. मी ऑफिसात पेढे वाटले. मॅडम टॅन यांनी माझी पाठ थोपटली, आणि खरं सांगतो आत्या, माझे डोळे भरून आले. वाटलं, तू इथे हवी होतीस. तुझीच पद्धत जिंकली.

मलम लाव. बाकी सर्व क्षेम.

तुझा भाचा,
प्रबोध

ता. क. एक किरकोळ अडचण राहिली आहे. उन्मेष बत्तीस वर्षांचा आणि अविवाहित आहे. असा सरकारी वसाहतीतला फ्लॅट इथे एकट्या माणसाला पस्तिशीपर्यंत घेता येत नाही. लग्न ठरलेलं असेल तर येतो. हे मी आधी विचारायला हवं होतं. मी त्याच्या मामांचीसुद्धा चौकशी केली, वय तेवढं राहिलं.

ता. क. २. मुलगी शोधायची तसदी तुला घ्यायची नाही. पोहे जान्हवीने केले होते. घराचे दोषही तिनेच सांगितले, आणि खिडकी मोजताना टेपचं दुसरं टोक तिच्याच हातात होतं. तुझी अकरा स्थळं तिने बघताक्षणी नाकारली, म्हणून तुला सांगायची तिला आता लाज वाटते. ‘दादा, आईला तूच लिही,’ म्हणाली, म्हणून हे एवढं पत्र. मुलगा खरंच चांगला आहे, आत्या. लोकांच्या चाळीस मुलींसाठी जो होकार मिळवलास, तो आता आपल्या मुलीला दे. तिचे डोळे तुझ्या फोनकडे लागलेत.

ता. क. ३. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात जान्हवी आली. म्हणते, ते स्वयंपाकघर फारच लहान आहे आणि तिथून जुरोंगला प्रयोगशाळेत जायला तास लागेल, तेव्हा घर दुसरं दाखव. मुलगा तोच राहू दे.